सत्तर मिलिमीटर

कोटेशन आलंय पुण्याहून. आठ इंची, आरशाची,
त्रेचाळीस हजार पाचशे, कुरिअर वेगळं.
शनिवारपर्यंतच हा भाव, तो माणूस म्हणाला,
अकरा वाजता उरलेले बांगडे विकणाऱ्या बाईच्या आवाजात.

माझी दुर्बीण सत्तर मिलिमीटरची.
मुलीच्या वाढदिवसाला आणलेली. तिला
दोन रविवार पुरली, मला सहा वर्षं.
तिपाईचा एक पाय काथ्याने बांधलाय,
मधोमध लोंबतो अर्धा चिरा, वजनाला.
हात लागला की आठ सेकंद थरथरते.
मोजलेत मी. आठ सेकंद चंद्र
विहिरीतून ओढलेल्या बादलीत असल्यासारखा डचमळतो.

पावसाळ्यात ती तांदळाच्या डब्याशेजारी निजते,
तरी भिंगाच्या कडेला बुरशीने
नेच्याचं एक पान काढलंय, नक्षीदार.
पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं
मी आकाशात काहीतरी शोधलं.

मृगातला तो तेजोमेघ घ्या.
त्याच्या पोटात चार तारे. मला तीन दिसतात,
वारा पडला तर चौथा, असं मी म्हणतो.
आठ इंचीत सहा दिसतात म्हणे.
म्हणजे जास्तीचा एकेक तारा केवढ्याला पडला,
हिशोब मांडला. खोडला.

आणि ती स्कूटरवर बसणार नाही.
ही बसते, पायांमध्ये, करडासारखी,
लोलयेच्या सड्यावर येते,
जिथे कातळ दुपारची ऊब रात्री दहापर्यंत परत करत राहतो
आणि काणकोणच्या बाजूचं आकाश
दरवर्षी थोडं थोडं विरजतं.
विरजण मीच लावतो. वीज खात्यात लाइनमन आहे.
पंच अर्ज देतो, मी शिडी लावतो,
गेल्या वर्षी एकशे बारा दिवे.

दीपश्री म्हणते, घ्या नाहीतर घेऊ नका,
पण जेवताना छपराकडे बघणं बंद करा.

काल सड्यावर गेलो नाही. अंगणातच मांडली.
मृग माडांच्या वर आलेला,
आणि समोर खांब, मीच उभा केलेला,
थेट माझ्या डोळ्यांत बघणारा.
पक्कड घेतली. चढलो. फ्यूज काढून खिशात टाकला.
(खात्यातलं कोणी वाचत असेल तर: ही कविता आहे.)

वीस मिनिटं काळोखात नुसता बसलो,
मग डोळा लावला.
त्या डागाला पंख होते.
सहा वर्षं मी त्याला डाग म्हणत होतो.

तेवढ्यात फोन. आमच्या वाड्यावरच्या खांबांची तक्रार
माझ्याच नंबरावर येते. शेजारची आनामारी:
"पुता, रस्त्यार काळोख जाला."
बघतो, म्हणालो. तीच आली, काठी टेकत.
उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू चवथीआधी काढलेला,
डाव्याला मार्चची तारीख.
स्टूल दिलं. तिने सवयीने डावा डोळा लावला.
"कांयच ना."
मग उजवा.
काठी तिपाईला लागली. आठ सेकंद
आम्ही दोघंही श्वास धरून थांबलो.
"धुंवर," ती म्हणाली. "मदीं चार दिवे."
चार?
"चार. तुका दिसनात?"

वाकलो. माडाचं झावळंही हलत नव्हतं.
तीन.

अकराला फ्यूज परत बसवला.
रजिस्टरात लिहिलं: दिवा बंद, तपासला, चालू केला.
कारणाच्या रकान्यात पेन बराच वेळ टेकून ठेवलं,
तिथे आता एक निळा ठिपका आहे.
कोटेशन अजून खिशातच, पक्कडीचं तेल लागून
किमतीतला चार पुसट झालाय,
तीन स्पष्ट.
आनामारीला विचारायला हवं, डॉक्टर कुठला.
शनिवार परवा आहे.