तास

स्वागताच्या मेजावर, किल्ल्यांच्या शेजारी
तांब्याची एक वाटी असते.
तिच्यात केशराच्या गोळ्या, पिवळ्या कागदातल्या.
पाहुणे एक घेतात, मग लाजत दुसरी.
वाटीच्या बुडाला भोक आहे, सुई जाईल एवढं.
गोळ्या काही त्यातून गळत नाहीत.

यझ्दकडच्या आमच्या गावात
या वाटीला तास म्हणतात.

माझे आजोबा हश्मत पाण्याचे वाटपी.
डोंगरातून भुयाराने चालत आलेलं पाणी
सोळा मळे आणि अकरा घरांना मोजून द्यायचे.
परातीत पाणी, पाण्यावर ही रिकामी.
भोकातून पाणी वर चढायचं,
वाटी जड होत होत
टण्ण करून तळाला बसायची.
भरला तास. पाट वळवा.
एक खडा डावीकडून उजवीकडे.
रात्रभर, डोळ्याला डोळा न लावता.
कुणी डाळिंबं आणून दिली तर घ्यायचे, खायचे,
आणि वाटी बुडायला तेवढाच वेळ लागायचा.

त्यांचा स्वतःचा मळा नव्हता.

हे घर रेशमाच्या व्यापाऱ्याचं. याच्या वाट्याला आठवड्याचे नऊ तास.
पुढे छपरं बसली, हौदात कबुतरं मेली.
तेहरानच्या ताजबख्शबाईंनी ते विकत घेतलं.
चार वर्षं गाळली.
गवतमातीचा गिलावा जाणणारे तीन म्हातारे शोधून आणले,
एक तर आंधळा होता, तळव्याने भिंत बघायचा.
वाऱ्याचा मनोरा पुन्हा वारा ओढू लागला
(त्याच्या पोटात आता एसीचं यंत्रही आहे, पण ते दिसत नाही).
तबेल्याचं झालं सात नंबरचं दालन. सर्वांत महाग तेच.
तिथल्या टबात पडून डाळिंबाचं झाड दिसतं.
खोटं नाही केलं बाईंनी काही.
पडलेलं उभं केलं. पगार एक तारखेला.

फक्त भुयार कोरडं पडलंय, बारा वर्षं झाली.
हौद टँकरने भरतात,
मग मोटर तेच पाणी फिरवत राहते
फोटोत काठोकाठ दिसावं म्हणून.

परवा रात्री अडीचला
सात नंबरमधली मुलगी खाली आली, अनवाणी.
तिच्या देशात तेव्हा दिवस असावा.
तिने गोळ्या मेजावर ओतल्या
आणि वाटी घेऊन हौदाशी गेली.
मी धावलो. नाही, नाही, ते सामान आहे,
असं म्हणणार होतो.
पण वाटी पाण्यावर बसली होती,
आणि इतकी वर्षं गोळ्या सांभाळून
आपलं काम विसरली नव्हती.

आम्ही दोघं काठावर.
तिची भाषा मला येते ती एवढीच:
नाश्ता, टॉवेल, किल्ली.
वाटी तिरपी झाली, एकदा श्वास घेतल्यासारखी थांबली,
गेली.
आवाज आला नाही. हौद खोल आहे.

मुलीने माझ्याकडे पाहिलं.
मी एक गोळी डावीकडून उजवीकडे ठेवली.
मग विजार गुडघ्यावर खोचून पाण्यात उतरलो.

पहिला तास हाजी मन्सूरच्या गव्हाला.
दुसरा तूबा विधवेच्या पुदिन्याला, तिचा कायम उशिरा यायचा.
तिसरा हमामाला.
चौथ्याला मुलीला जांभई आली, तरी तिने वाटी मलाच धरू दिली नाही.
पाचवा कुणाचा ते आठवेना.
आठवेना, म्हणून तो मी
आजोबांना दिला.
कुठे वळवतील ते त्यांचं ते बघतील.

सकाळी मुलीच्या आईने विचारलं, खोली किती वाजता सोडायची?
बारा, मी म्हणालो. नियम आहे.
बाईंनी मेजावर ओल हेरली,
पाच गोळ्या उजव्या बाजूला, बाकीच्या डाव्या,
आणि म्हणाल्या, बेहरंग, हे काय?

काही नाही, मी म्हटलं,
आणि गोळ्या परत भरू लागलो.
वाटी पुसलेली नव्हती. कागद तळाला चिकटले.