पाहुण्याची पावती

चेंबूरला क्लबच्या बाजूच्या फाटकाशी एक खिडकी आहे,
पलीकडच्याला जराशी वाकूनच बोलावी लागते अशी.
अलीकडे मी, घाटल्याचा मढवी. सतरा वर्षं
ग्रीन फी घेतो, पावती फाडतो:
मधल्या वारांना दोन हजार, शनिवार-रविवार चार,
कॅडी वेगळा, बग्गी वेगळी.
जीएसटी धरून. तो न बोलावता येतोच.

टिपणीससाहेब रविवारी सव्वासहाला.
खत कारखान्यातून निवृत्त, वय त्र्याहत्तर,
बुटांचे खिळे झिजलेले,
नोटा घरूनच मोजून, रबर लावून आणलेल्या.
एकदा मागे कोणी नव्हतं. म्हणाले,
"मढवी, सभासदच झालो तर रे?"

मी पावती उलटी केली, पेन्सिल घेतली.
प्रवेशमूल्य पंधरा लाख,
वर अठरा टक्के, झाले सतरा सत्तर.
वर्गणी सालाची चोवीस हजार, खेळा न खेळा.
इकडे पाहुणा म्हणून, पावसाळा सोडून
छत्तीस रविवार गुणिले चार हजार:
एक चव्वेचाळीस.
वर्गणी वजा जाता वर्षाला वाचतात एक वीस.
सतरा सत्तर भागिले एक वीस
(भागाकार मला शाळेपासून आवडतो,
बाकी उरली तरी रागावत नाही)
चौदा वर्षं, नऊ महिने.
हे मी मोठ्यानं वाचलं
आणि मग जीभ चावली.

ते बोटांच्या पेरांवर काही मोजत राहिले.
"म्हणजे अठ्ठ्याऐंशीला टेकलो
की फुकटात खेळायला लागेन."
हसले. "आजची फाड."

पण पाहुण्याचं नुसत्या पैशानं भागत नाही,
रकान्यात सभासदाचा नंबर लागतो.
त्यांचे सभासद सोराबजी दुबाश, नंबर चारशे सतरा,
एकोणऐंशी साली अडीच हजारात आत आलेले,
पुट हुकला की बॉलच्या आईची
गुजरातीत चौकशी करणारे.
जानेवारीत दुबाश गेले.

पुढच्या रविवारी टिपणीस खिडकीशी,
नोटा बाहेर, रबर मनगटात,
आणि त्या रकान्याशी आम्ही दोघंही थांबलो.
मी चारशे सतरा टाकला.
कॉम्प्युटरनं घेतला.
वर्गणी भरलेली होती एकतीस मार्चपर्यंत;
तोवर दुबाश सभासद,
आणि समोर शिंका देत उभा असलेला माणूस पाहुणा.

दहा रविवार असे निघाले.
सेक्रेटरींना कळलं असेल, नसेल.
एकदा पावत्या चाळताना थांबले, चष्मा पुसला,
पुढे चाळू लागले. एवढंच मी पाहिलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी नंबर लाल झाला.
"बरं," म्हणाले,
आणि नोटांना परत रबर लावायला गेले, तो तुटला.
का कोण जाणे, मी म्हटलं, उद्या या.
सोमवारी कोर्स बंद असतो. गवताला सुट्टी.
सोमवारी कॅडी खेळतात.

आले. बॅग स्वतःच्या खांद्यावर,
एकवीस वर्षं जी सेल्वनच्या खांद्यावर होती.
सेल्वन टीवर, उसन्या ड्रायव्हरसकट, कॅनव्हासच्या बुटात,
त्याच्यामागे दोन पोरं,
आणि चौथे टिपणीस, रांगेत, टोपी हातात.
ट्रॉम्बेच्या डोंगरामागून ऊन वर यायचं होतं.
रिफायनरीचा वास होता, रोजचा.
माझ्याकडे सात नंबरचा आयर्न, पकड उसवलेली,
आणि पाचवा नंबर.

सेल्वनचा बॉल सरळ गेला, इतका सरळ
की पोरांनी शिट्या मारल्या.
टिपणीसांचा उजवीकडच्या झुडपांत.
सवयीनं त्यांचा हात खिशाकडे गेला:
"किती झाले, मढवी?"
पावतीपुस्तक ड्रॉवरमध्ये, किल्ली माझ्या घरी.
सेल्वन चालता चालता मागे वळून ओरडला,
"साहेब, पाकीट ठेवा आणि पळा,
आज तुमचा बॉल शोधायला कोणी नाही!"