पांढरी पाच

धोट्याच्या डोळ्यातून दोरा ओठांनी ओढावा लागायचा.
एक लहान, कोरडा मुका,
हवा आत आणि धागा ओठाशी.
एका पाळीत दोनशे वेळा तरी.
इरेशम दुडम, माग नंबर एकशे बारा, माझा बाप,
वाजवायला इथंच शिकला,
बाजा हातात यायच्या सहा वर्षं आधी.

बाजा दिला पर्सी गार्डनं.
रेल्वे लाइन्समधलं क्वार्टर सोडून तो पर्थला निघाला
तेव्हा इस्त्री, कपाट, कोंबड्या, सगळं वाटलं.
नायना पोचला उशिरा.
उरलं होतं दहा भोकांचं पितळ
आणि एक वाक्य:
फुंकायला सगळ्यांना येतं, दुडम. ओढून बघ.

बाजा पांढरी एकचा.
वाजवायचा मात्र पांढरी पाचमध्ये,
म्हणजे दार उघडं असताना
खिडकीतून घरात शिरायचं.
तिसऱ्या भोकात गंधार असतो.
जीभ मागं घेऊन, घसा सैल सोडून
तो त्याला वाकवायचा,
शुद्ध नाही, कोमलही नाही,
अशा जागी आणून ठेवायचा की
भजनातले पेटीवाले गुंडप्पा हात झटकायचे,
"माझ्याकडं ही पट्टीच नाही की ओ!"

याला ब्लूज म्हणतात, त्यानं आईला सांगितलं.
म्हणजे निळं.
आई विड्या वळत होती, हजारातल्या चारशे व्हायच्या होत्या.
"निळं काय त्यात?
रंगखात्यात होते मी. निळा पंधरा दिवस नखातून जात नाही."
तेच, तो म्हणाला.

मग शबनम मेलडीज. अकरा वर्षं.
अक्कलकोट, मोहोळ, इंडी, एकदा पार गुलबर्गा.
रात्रीचे पंधरा रुपये आणि पुरीभाजी.
लोकांना सिनेमातलं हवं असायचं,
तो द्यायचा, झुकझुकगाडीसुद्धा काढून दाखवायचा,
पोरं शिट्ट्या मारायची.
त्याचं स्वतःचं पहाटे तीनला,
खुर्च्या एकात एक घालून झाल्यावर.
ऐकायला जनरेटरवाला,
आणि चादरीच्या गठ्ठ्यावर अर्धी झोपलेली मी.

एकदा मुंबईहून तार आली.
अठराव्या दिवशी परत.
काय झालं विचारलं तर,
"तिथली हवा ओली. रीड गंजतात."
पुढं कितीतरी वर्षांनी त्याच्या कोटात
एक पावती सापडली, अठ्ठावन्न सेकंदांची.
गाणं कुठलं, ते लिहिलेलं नव्हतं.

गिरणी बंद झाली तेव्हा बाकीचे पगाराचं बोलत होते.
हा म्हणाला, भोंगा काळी चारचा होता, जरासा चढा.
दुसऱ्या दिवशी सकाळी सातला
ओट्यावर बसून त्यानं तो हुबेहूब काढला.
बोळातले दोघंतिघं
डबा उचलून उभे राहिले.
मग एकमेकांकडं न बघता खाली बसले.
त्यानं तो पुन्हा कधी वाजवला नाही.

सिव्हिलमध्ये छातीचं यंत्र होतं, पांढरी नळी.
नर्स म्हणाली, "काका, जोरात फुंका."
त्यानं ओढलं.
"ओढू नका हो, फुंका."
त्यानं पुन्हा ओढलं, डोळे मिटून,
जीभ मागं घेऊन.
काटा जागचा हलला नाही.
नर्सनं माझ्याकडं पाहिलं,
मला हसू आवरेना,
आणि मग ते हसू कुठं ठेवावं कळेना.

आता बाजा माझ्याकडं आहे.
टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते मी,
तिथल्या मागांना धोटाच नाही.
वाजवता येत नाही मला.
रविवारी दुपारी, ऊन पत्र्यावर तडतडतं तेव्हा,
तिसरं भोक शोधून नुसतं ओढते.
आत थोडी रुई असावी, थोडी तंबाखू.
परवा तसंच काहीतरी वाकलं.
आई सुपावरून मान न उचलता म्हणाली,
"अजून खाली.
तो जरा अजून खाली न्यायचा."