वायर कापल्याचा फोटो

जहरा, जानेवारी. वाळवंटाकडून वारा असा
की गच्चीवरच्या डिश अँटेना रात्रभर कण्हतात.
व्हॅनमध्ये तीन नवी यंत्रं, शिडी, तांब्याच्या नळ्या,
आणि अर्ज: उजवीकडून अरबी, डावीकडून इंग्रजी,
मधल्या घडीपाशी दोघी एकमेकींना न ओळखता थांबलेल्या.

उम्म मिशालला मी माझ्या मोडक्या अरबीत सांगतो:
जुना हीटर वीज जाळून ऊब करतो.
हे काही जाळत नाही, खाला.
बाहेर आहे तीच ऊब उचलतं, आत आणून ठेवतं.
ती शालीतून एक बोट काढून खिडकी दाखवते.
"बाहेर? ऊब?"

आहे. थोडी.
आमच्या शिरोळला चरकातनं तीनदा गेलेलं चिपाड
चौथ्यांदा घातलं तरी थेंब देतंच, तेवढी.
चिपाडाला अरबीत काय म्हणतात मला येत नाही.
मी हवेत मुठी पिळून दाखवतो.
तिला वाटतं, मी कपडे धुण्याचं सांगतोय.
तरी सही करते. ऐंशी दिनार परत मिळणार म्हणून.

कलम सात: जुना हीटर निकामी करावा.
वायर कापावी. कापलेल्या वायरीसह फोटो जोडावा.

तीन हीटर, तेलाचे, फासळ्या वर आलेले.
इमारतीचा हारिस मोतालेब ते एकेक करून खाली नेतो.
दोन कचऱ्याच्या पिंपाशी आडवे.
तिसरा जिन्याखाली, उभा, पुठ्ठ्यावर.
तो काही मागत नाही.
पण भंगार कुणी पुठ्ठ्यावर ठेवत नाही.

त्याची खोली गच्चीवर, दोन टाक्यांच्या मध्ये, पत्र्याची.
यंत्रांची बाहेरची तोंडं मला तिथंच बसवायची होती.
चालू केली, आणि हात धरून बघितला:
घेतलेल्या उबेच्या बदल्यात ती बर्फासारखी हवा सोडतात,
थेट त्याच्या दारावर.
हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. दार शिकवलं नव्हतं.
नळ्यांनी वळू दिलं तितकी तोंडं मी वळवली.
वीतभर.

मग पक्कड घेऊन खाली आलो.
दोन वायरी मुळाशी कापल्या, शिस्तीत.
तिसरी प्लगपासून चार बोटांवर.
कलमात बोटं लिहिलेली नाहीत.
फोटो. कापलेलं टोक दिसतं,
मागे किती उरलीय ते दिसत नाही.
तेरा अँपियरचा एक प्लग जिन्यात राहिला.
स्टोअरच्या वहीत मी लिहिलं: हरवला, नग १.

योजना वीज वाचवायला होती, मला ठाऊक आहे.
तक्त्यात तीन बंद, गच्चीवर एक चालू:
माझ्यामुळे हिशेब चुकलाय.
शिवाय रात्री त्या पत्र्यातनं जी ऊब झिरपते
ती शेजारची यंत्रं गपकन ओढून घेत असणार,
आणि खाली हॉलमध्ये उम्म मिशालच्या पायाशी
थोडा मोतालेबचा हीटरही येत असणार.
तिचं बिल कमी आलं. तिनं खजूर पाठवले.

तीन आठवड्यांनी ऑफिसचा निरोप:
फोटो क्रमांक तीन अपुरा.
पूर्ण हीटर दिसेल असा पुन्हा काढावा.

गच्चीवर गेलो. हीटरवर टॉवेल वाळत होता.
मोतालेबनं टॉवेल उचलला, प्लग काढला,
आणि कोपऱ्यातल्या बिस्किटाच्या डब्यातनं
तो चार बोटांचा तुकडा आणला,
जुन्या प्लगसकट, कागदात गुंडाळलेला.
तेव्हाच जपून ठेवला होता. मी सांगितलं नव्हतं.
तुकडा पुढे मांडला. नव्या प्लगवर पाय ठेवला.
"काढा," म्हणाला.

उजेड कमी होता. दोनदा काढावा लागला.
तेवढ्यात खोली गार झाली.