फळ्यावर योस्ना

डांबरी रस्ता धरणाच्या भिंतीशी संपतो.
पुढे नवाराचे डोंगर, दोन तासांचा चढ,
आणि एनेकोचं गाढव. ते माझी बॅग वाहतं
आणि दर वळणावर थांबून मागे बघतं,
ही बाई खरंच येणार आहे का.

हे गाव एकदा ओस पडलेलं.
माणसं कारखान्यांकडे उतरली, छपरं आत बसली,
चर्चमध्ये अक्रोड उगवला.
मग चार पोरं तंबू घेऊन आली,
पहिल्या बर्फात तिघं परत गेली.
उरला तो बेन्यात. आता सत्तरीला टेकलेला,
दात थोडे, पंजे मोठे,
दगड उचलण्याआधी अजून त्याला काहीतरी विचारतो.

स्वयंपाकघरात काळा फळा.
पाव. शेळ्या. लाकूड. संडासाचं खत. मुलं.
मुलं हेही काम म्हणून मांडलेलं पाहून
मला हसू आलं, आणि अर्ध्यात थांबलं.
मंगळवार, भांडी: योस्ना.
ज्योत्स्ना त्यांच्या जिभेवर मावत नव्हतं.
तेवीस ताटल्या घासल्या, राखेनं,
बाहेरच्या कुंडावर, बर्फाच्या पाण्यात.
बोटं बधिर झाली तेव्हा विब्केनं काही न विचारता
माझे हात ओढून स्वतःच्या काखेत धरले,
अंडी उबवायला ठेवावीत तसे.

कपडे सगळ्यांचे एकाच खोलीत.
मोज्यांच्या जोड्या लावायच्या नाहीत, असा ठराव झालाय.
मला मिळालेल्या स्वेटरच्या कोपरावर
तीन रंगांचा रफू होता, तीन वेगळ्या हातांचा.
कुणाचा हा, असं मी विचारलं
आणि गाराझी माझ्याकडे अशी बघत राहिली
जशी मी हवा कुणाची विचारली होती.

गुरुवारी सभा.
विषय पहिला: कौलं आधी की वॉशिंग मशीन.
विषय दुसरा: तळघरातलं अर्धं चीज कुठे गेलं.
चोरी हा शब्द कुणी काढला नाही.
सगळ्यांचंच आहे, तर चोरणार कोण?
पण तीन तास तो शब्द टेबलाखाली
मांजरासारखा पायापायांतून फिरत होता.
पटलं की टाळी नाही, हात वर करून बोटं हलवायची.
बोटं हलत होती, चेहरे हलत नव्हते.
मला आमच्या सोसायटीची पाण्याच्या टाकीची मीटिंग आठवली,
तीच ती मागच्या वर्षीची उकरून काढलेली वाक्यं.
गाराझी रडली. विब्केच्या सुया थांबल्या नाहीत.
"आपण एकमेकांशी खरं बोलायला हवं," कुणीतरी म्हणालं,
की "आम्ही" म्हणालं?
त्यांच्याकडे दोन्हींना एकच शब्द.
मी मात्र दर वाक्याला दारात उभी,
चपला काढाव्यात की नाहीत.

चीजचा विषय पुढच्या गुरुवारवर ढकलला.

त्या रात्री थंडीनं झोप येईना.
पाणी प्यायला उठले, तर अंधारात
चुलीतल्या विस्तवापुरता उजेड, आणि बेन्यात.
गुडघ्यावर फडकं, फडक्यावर चीज.
तो दचकला नाही. मीही नाही.
चाळीस वर्षं, तो हळूच म्हणाला,
चाळीस वर्षांत एक गोष्ट एकट्यानं खाल्ली नव्हती.
मग सुरीनं जाड तुकडा कापून माझ्यापुढे धरला.
खारट होतं. कडेला बुरशी, मधे लोण्यासारखं.
मी खाल्लं.
दोघांनी मिळून फडकं झटकलं,
चुरा विस्तवात.

सकाळी टेबलावर एनेको म्हणाला,
उंदीर असतील. कुणीतरी बोटं हलवली.
मीही हलवली.

निघाले तेव्हा फळ्यावर पुढचा आठवडा होता.
योस्ना पुसलेलं, पण खडू नीट निघाला नव्हता,
भांड्यांसमोर पांढुरका डाग, त्यावर दुसऱ्या कुणाचं नाव.
स्वेटर मी घडी घालून परत ठेवला.
बेन्यात भिंतीवर चढलेला, पाठमोरा, एका दगडाशी बोलत.
त्यानं हात केला की दगड तोलला, कळलं नाही.

उतारावर गाढव कुठेच थांबलं नाही.