अतितातडीची मोजणी

साताऱ्याच्या भूमी अभिलेख कचेरीत
एकतीस वर्षं काढली मी.
साधी मोजणी, तातडीची, अतितातडीची.
फी वाढत जाते, जमीन तेवढीच राहते.

अतितातडीतसुद्धा आधी अर्ज लागतो,
लगतच्या खातेदारांना नोटीस,
कोतवालाच्या हाती, सही नाहीतर अंगठा.
मग उन्हात टेबल लावायचं,
बाभळीच्या बुडात जुना दगड हुडकायचा.
एखादा गुराखी म्हणतो, दगड इथं नव्हता.
तेही लिहून घ्यायचं.

चुलते, नाईक केरबा निकम,
त्रेपन्न साली छत्रीवाल्या पलटणीतून कोरियाला गेले
कैद्यांची राखण करायला.
बोट लागली, पण दक्षिणेचं सरकार म्हणालं
आमच्या मातीवर यांचा पाय नको.
तेव्हा अमेरिकेच्या हेलिकॉप्टरनं
पोरं उचलून नेली हद्दीवर.
चुलते हसायचे:
बांधाचं भांडण राखायला गेलो
आणि पाय ठेवायची चोरी!

रेघ कुणी मारली रे, त्यांनी एकदा विचारलं.
मी वाचलेलं सांगितलं.
पंचेचाळीसचा ऑगस्ट, वॉशिंग्टन, रात्र.
दोन कर्नल, एका मासिकाचा नकाशा, अर्धा तास.
टिपण?
नाही.
पंच?
नाही.
खातेदार हजर?
एकही नाही.
रशियाची हरकत?
हरकत नाही म्हणाले.
चुलते तंबाखू मळत राहिले.
म्हणजे दोन पाटलांत ठरलं
आणि मालक रानात.

एका पहाटे तारेखालून एक कैदी सरपटत आला.
नाव विचारायला भाषा नव्हती, नुसता नंबर.
कुठं जायचंय, चुलत्यांनी हातानं विचारलं.
त्यानं एक हात उत्तरेला केला,
दुसरा दक्षिणेला,
आणि तसाच उभा राहिला.
चुलत्यांना वाटलं, आळस देतोय.
हे सांगताना ते दरवेळी
इथंच थांबायचे,
चहा निवायचा.

किन्हईच्या शिवारात मी दोन साबळ्यांचं रान फाळलं.
सख्खे भाऊ, तोंड बघत नव्हते एकमेकांचं,
साखळीचं टोकसुद्धा
दुसऱ्याच्या हातून घेईनात.
तरी फाळणी बाराच्या खाली लिहिलं:
विहीर सामाईक, पाळी आठ-आठ दिवसांची,
वहिवाटीची वाट पूर्ववत.
एवढं कुणीही लिहितो, शिकाऊ मोजणीदारसुद्धा.
त्या अर्ध्या तासात
विहिरीचा रकाना भरायचा राहिला.

आणि आमच्यात नियम आहे,
ज्याचा हितसंबंध, त्यानं साखळी धरायची नाही.
माझ्या बापाच्या आणि चुलत्याच्या वाटणीला
कराडहून माणूस आणला होता.
मी लांब, आंब्याखाली, बांधलेल्या हातांनी.

युद्ध थांबलं ते जैसे थे वर.
जैसे थे म्हणजे निकाल नव्हे,
आमच्याकडं तो फार तर प्रांतसाहेबाच्या बदलीपर्यंत टिकतो.
तिथं सत्तर वर्षं होऊन गेली.
दर चार वर्षांनी साहेबाची निवड, फाइल वर येते.
एक साहेब निर्बंध वाढवतो,
एक सीमेवर जाऊन हात मिळवतो, फोटो छान येतो,
एक नुसताच शेरा मारतो: पाहिले.
बंदोबस्ताला मात्र खंड नाही,
अठ्ठावीस हजार जवान,
दरसाल कवायती, जहाजं,
आणि पलीकडून उत्तरादाखल क्षेपणास्त्र.
दावा कुणाचा, हे शेवटी
नोंदवहीत जहाजांच्या नावानंच चढलं.

उत्तरेचा धनीही काही देवमाणूस नाही, मी म्हणालो.
चुलते म्हणाले, नसेल.
पण एक भाऊ वंगाळ निघाला
म्हणून आईचा सातबारा तिऱ्हाइतानं फाडायचा?

पेन्शनच्या दिवशी मी त्यांना ट्रेझरीत न्यायचो.
ओट्यावर बसून, काठी गुडघ्यांत धरून,
शेवटच्या वर्षी ऐकूही येत नव्हतं तरी,
मोठ्यानं विचारायचे,
तिकडची तारीख लागली का रे?
रांगेतली माणसं वळून बघायची.
त्यांना वाटायचं, कोर्टातलं काहीतरी असेल.
मी मान हलवायचो.
ते म्हणायचे, लागंल. अर्ज तरी केलाय का कुणी?