उघाडी

मिरकरवाड्याच्या शेडमध्ये
ओल्या लादीवर नऊ नऊ तास उभी राहून
एकवीस वर्षं कोलंबी सोलतेय.
डाव्या पोटरीवर निळ्या गाठी उठल्या
तेव्हा जाऊ म्हणाली, लसूण चोळ.
चोळला. कातडी तेवढी भाजली.

डॉक्टर काझीबाईंनी पोटरीवर यंत्र फिरवलं,
पडद्यावर दाखवलं:
वर जायचं रक्त अर्ध्यातून घरंगळत होतं.
"शिरेत झडपा असतात, शेवंतीबाई.
तुमच्या मिटत नाहीत."

मला बाबांची उघाडी आठवली,
खारबंधाऱ्यावरची, फणसाच्या फळ्यांची.
ओहोटीला उघडायची, भरतीला मिटायची.
एका वर्षी फळी कुजली
आणि खाडी गुपचूप भातात येऊन बसली.
बाबांनी सुतार बोलावला, फळी बदलली.

"ही नाही बदलत," बाई म्हणाल्या,
"लेझरनं शीरच बंद करू.
रक्त दुसरी वाट धरतं."

तारीख पंधराची मिळालीय.
तोवर खाटेवरून उतरायच्या आधी
घट्ट मोजा चढवते मांडीपर्यंत, धापा टाकत.
रात्री पाय उशीवर.
सुपरवायझरला म्हटलं, स्टूल पाहिजे.
हसला.

दुसऱ्या दिवशी आणखी चौघी
माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या
आणि साड्या गुडघ्यापर्यंत वर घेतल्या.